सुब्याचा पुतळा

निपाणी,
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आक्काताई वन्सं यांना बायाक्काचा नमस्कार.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्हांला नवल वाटेल. फोन केला असता, पण माझे कान आता पार गेलेत. मशीन लावलं की माणसाचा आवाज येत नाही, नुसती घरघर येते. शिवाय तुमच्या घरातला फोन युवराजच्या हातात असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र.

ह्यांना जाऊन नऊ महिने झाले. फेब्रुवारीच्या सोळा तारखेला वर्ष भरेल. त्या दिवशी इथल्या चौकात ह्यांचा पुतळा बसवायचं ठरलंय. बापाच्या पुतळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष आपला नागेंद्रच आहे. बंगळूरहून मंत्री येणार, बिडी कामगार बायका डोक्यावर कलश घेऊन येणार, असं सगळं चाललंय. घर माणसांनी भरलेलं असतं. चहाचं पातेलं खाली उतरत नाही.

मूर्तिकाराला ह्यांचा तरुणपणचा फोटो हवाय. तंबाखूच्या आंदोलनात रस्त्यावर बसले होते त्या वेळचा, पटका बांधलेला. माझ्याकडे आहेत ते सगळे मंत्री झाल्यावरचे, पोट सुटलेले, खांद्यावर पक्षाची शाल. एक फोटो सांबऱ्याला तुमच्या दारात काढलेला होता. असला तर पाठवाल?

आणि वन्सं, तुम्ही याल का? मातीला आला नाहीत, त्याचा राग धरून लिहीत नाही. पण इथं सगळे 'आप्पासाहेब' म्हणतात. मी जन्मभर 'अहो' म्हणत आले. त्यांना सुब्या म्हणणारं तुमच्याशिवाय आता कोणी राहिलेलं नाही.

तुमची,
बायाक्का


सांबरा,
२ डिसेंबर २०२४

बायाक्काला आक्काताईचा आशीर्वाद.

तुझ्या नावाच्या आधी काय लिवायचं ते मला कळंना. सौभाग्यवती लिवाय आता येत न्हाय, आणि दुसरं लिवाय हात उठंना. म्हणून नुसतं नाव लिवलंय.

फोटो हाय. देत न्हाय.

तू मास्तरीण, तुला समदं ठावं हाय. पर एकदा माझ्या तोंडनंबी ऐक. सुब्या आमदार झाला त्यो सीमेच्या चळवळीच्या जिवावर. मराठी माणसांनी घरच्या भाकरी बांधून घेऊन त्येचा प्रचार केला. आणि दुसऱ्या खेपेला त्यो उठून गेला सरकारी पक्षात, आणि मंत्री झाला. माझा युवराज तवा कालेजात. मोर्च्यात गेलता. काठी बसली, उजवं कोपर फुटलं. सरकार कुणाचं? मामाचं. बेळगावच्या दवाखान्यात पंधरवडाभर होतो आम्ही. मामा आला न्हाय. एक माणूस सुदीक धाडला न्हाय. दाराकडं बघून बघून माझी मान दुखली. पोराचा हात अजून सरळ होत न्हाय. घास डाव्या हातानं खातो.

सुब्या गेला त्या दिवशी कुणीतरी फटाकं वाजवलं. मी चुलीम्होरं बसलोतो. शेजारची अंबुबाई आली, म्हणाली, "आक्का, तुझा भाऊ गेला गं." मी म्हटलं, "मला भाऊ न्हवता." आणि भाकरी थापत ऱ्हायलो.

तुझ्या घरात माणसं मावत न्हाईत म्हणतीस. मग माझी गरज कशाला लागली? नागेंद्रला तिकीट पायजे असंल. आत्याला स्टेजवर बसवली की बेळगावकडची मराठी माणसं गप्प बसतील, असं कुणीतरी त्येच्या कानात घातलं असंल. त्येला सांग, आत्या म्हातारी झालीया, येडी झाली न्हाय.

पर तू वेळेवर जेवतीस का? तुझं अक्षर आधी असं तिरकं न्हवतं.

आक्काताई


निपाणी,
१५ डिसेंबर २०२४

ती. वन्सं,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. नागेंद्रला मी तुम्हांला लिहिल्याचंसुद्धा ठाऊक नाही. फोटो हे नुसतं निमित्त होतं.

आणि घर माणसांनी भरलेलं असतं, हे मी खोटं लिहिलं. पहिले दोनतीन महिने होतं तसं. आता माणसं बसस्टँडजवळ नागेंद्रच्या ऑफिसात जातात. तो तिकडंच फ्लॅटमध्ये राहतो, सुनेला ह्या घरातली ओल सोसत नाही. सकाळी मालुबाई भांडी घासायला येते. तिच्याशी खुणांनी बोलते. ती गेली की माझ्या तोंडून दिवसभर शब्द निघत नाही. कधी कधी मुद्दाम मोठ्यानं बोलून बघते, आवाज राहिलाय का ते. पण तो मलाच ऐकू येत नाही.

मागच्या आठवड्यात बिडी कामगार वसाहतीच्या पाटीवर ह्यांच्या नावाला कुणीतरी डांबर फासलं. मालुबाई तिथंच राहते, तिनं मला नेऊन दाखवलं. मी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन गेले होते. पाटी उंच, हात पोचेना. बायका जमल्या. एकीनं स्टूल आणलं, एकीनं माझ्या हातातली चिंधी घेतली आणि स्वतःच पुसायला लागली. बाकीच्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. एक तरुण बाई माझ्याकडं बघून खूप वेळ काहीतरी बोलत होती. मी मालुबाईला खुणेनं विचारलं, काय म्हणते? तिनं मान हलवली, काही नाही. पण समोरच्याचे ओठ मला वाचता येतात, वन्सं. ती बाई म्हणत होती, "घर दिलं ते खरं. पण आमच्या पोरींची मराठी शाळा बंद पडली, तवा कुठं होतं ह्यांचं तोंड?"

त्या शाळेत मीच शिकवत होते. शेवटी शेवटी वर्गात पोरांपेक्षा बाकं जास्त. एकदा जेवताना मी ह्यांना म्हटलं, "वरती एक शब्द बोला की." ताट सरकवून उठले. तुमच्या युवराजच्या वेळीही तसंच. मी म्हटलं, "दवाखान्यात जाऊन या, आक्का वाट बघत असतील." गच्चीवर निघून गेले. खाली आले ते फोनवर कुणाशी तरी तंबाखूच्या दराचं बोलतच. का गेले नाहीत ते मला कधी सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

परवा टीव्हीवाला एक तरुण आला होता. त्यानं कागदावर प्रश्न लिहून दाखवला, 'आप्पासाहेबांविषयी आपलं मत काय?' एवढी वर्षं संसार केला, पण मला उत्तर सुचेना. मी त्याला चहा करून दिला.

गावातल्या प्रत्येकाला ह्यांच्याविषयी मत आहे, वन्सं. मला नुसती आठवण येते. ती कुणाला सांगू?

बायाक्का


सांबरा,
५ जानेवारी २०२५

बायाक्का,

तुझं पत्र माझं मीच वाचलं, एकेक अक्षर लावून. दुसऱ्याकडं वाचाय द्यावं असं न्हवतं ते.

तुला एक सांगतो. सुब्या ल्हान असताना तोतरं बोलायचा. 'प' आला की अडकायचा. पाणी मागायचं तर तोंड लाल व्हायचं, पर शब्द भाईर न्हाय. साळंत पोरं चिडवायची. आमचा बा कपाळाला हात लावून बसायचा. मी काय करायचो, त्येला जोंधळ्याच्या राखणीला न्यायचो. शेतातल्या माळ्यावर चढवायचो आणि खालनं सांगायचो, "वरड, सुब्या. पाखरं उडाली पायजेत." दिसभर 'पाखरा, पाखरा' म्हणून वरडायला लावायचो. आधी प-प-प करत बसायचा आणि पाखरं खुशाल दाणं खायची. सुगी सरस्तवर त्येची जीब सुटली. म्होरं त्यो मोठमोठ्या सभांत बोलाय लागला, तवा मी बायकांत मागं बसायचो. लोक टाळ्या वाजवायची, आणि माझं ध्यान त्येच्या 'प'कडं. अडकतोय का काय म्हणून जीव वर खाली व्हायचा.

हे मी कुणाला सांगत न्हाय. हितं सांगितलं तर म्हणतील, गद्दाराचं कवतिक करतीया. तितं सांगितलं तर पुतळ्याच्या भाषणात घालतील.

मी त्येला माफ केलं असं समजू नको. युवराज माझ्याम्होरंच जेवाय बसतोय रोज.

घरात त्येच्या लई बैठका चालल्यात. पोरं येत्यात, दार लावून बोलत्यात. मी चहा घेऊन गेलो की समदी गप्प.

थंडी हाय. कानाला बांधून ऱ्हा. ऐकाय येत न्हाय म्हणून काय वारं जायाचं ऱ्हात न्हाय.

आक्काताई


निपाणी,
२२ जानेवारी २०२५

ती. वन्सं,

तुमच्या पत्राचा शेवट वाचून किती दिवसांनी हसले! मालुबाई दारातून बघतच राहिली. ह्यांचं तोतरेपण मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कधी बोलले नाहीत. त्या पत्रानं मला नवा एक माणूस मिळाला, आणि तो आधीच गेलेला.

पण आज लिहितेय ते घाईनं. बैठका कशाच्या आहेत ते मला कळलं. काल नागेंद्र आला होता. तो मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवतो. त्यानं लिहिलं, 'आत्याचा युवराज कार्यक्रमाला काळी निशाणं घेऊन येणार आहे. आमची पोरंही तयार आहेत.' मी विचारलं, "कशाला तयार?" त्यानं मोबाइल खिशात घातला.

वन्सं, ही दोघं एका ताटात जेवलेली पोरं. नागेंद्रला तुमच्या विहिरीत पोहायला युवराजनंच शिकवलं. आता एक स्टेजवर आणि एक निशाण घेऊन रस्त्यावर. इकडं कमिटीतही दोन तट पडलेत. पाटीवर आधी मराठी की आधी कन्नड, ह्यावरून रोज भांडणं. काही कन्नड मंडळी म्हणतात, हा आमचा कधी झालाच नाही, ह्याचा पुतळा कशाला? म्हणजे त्यांनाही हे परके आणि तुमच्याकडेही परके.

मी नागेंद्रला सांगितलं, मी स्टेजवर येणार नाही. त्यानं लिहिलं, 'लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, "मला कुठं ऐकू येतंय!" तो हसला नाही.

युवराजला थांबवता आलं तर बघा.

बायाक्का


सांबरा,
८ फेब्रुवारी २०२५

बायाक्का,

युवराजशी बोललो. त्यो म्हणाला, "आई, तू मामाची भन का माझी आई, ते एकदा ठरव." मी म्हटलं, "दोन्हीबी होताना मला कुणी इचारलं न्हवतं, बाबा." उठून गेला. तवापास्नं जेवण सुदीक शेतातच मागवतोय.

त्येला थांबवणं माझ्या हातात न्हाय. पर जीपमदी म्होरच्या सीटवर मी बसणार हाय. तसं सांगितलंय. म्हातारी बसली म्हणजे पोरं पायाखाली दगडं तरी भरून घेणार न्हाईत.

तुझ्याकडं यीन का, ते सांगत न्हाय. सुब्यानं बांधलेलं घर मी बघितलं एकदाच, वास्तुशांतीला. कुठलं बोळ तेबी आता आठवत न्हाय.

आक्काताई


निपाणी,
२५ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं,

तुम्ही गेल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते.

त्या दिवशी मी सकाळपासून पुढचं दार उघडं टाकून बसले होते. कडी वाजली तरी मला कळत नाही ना, म्हणून. दुपारी मान वर केली तर दारात तुम्ही. पायांना गुडघ्यापर्यंत धूळ. हायवेवर पोलिसांनी जीपा अडवून पोरांना धरलं, तिथून तुम्ही एकट्या चालत, घर विचारत आलात, हे मला मागाहून मालुबाईनं सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत.

तुम्ही आधी ह्यांच्या फोटोसमोर गेलात. हार काढून बाजूला ठेवलात आणि पदरानं काच पुसलीत. मग काहीतरी बोललात, बराच वेळ. तुमची पाठ माझ्याकडं होती, त्यामुळं मला ओठ दिसले नाहीत. काय म्हणालात ते मी कधी विचारणार नाही.

मग आपण आत चहाला बसलो. मध्येच कपबशी तुमच्या हातात थांबली. खिडकीची काच थरथरत होती. मी विचारलं, "बाहेर काय चाललंय?" तुम्ही माझ्याकडं तोंड करून, ओठ सावकाश हलवून म्हणालात, "काय न्हाय गं. कुणाचं तरी लगीन हाय." मी म्हटलं, "असेल, दिवसच आहेत लग्नाचे." वन्सं, मला कळलं होतं. एकीकडून 'अमर रहे' आणि दुसरीकडून 'गद्दार' येत असणार, हे तुमच्या तोंडावरून मला दिसत होतं. तुम्ही दोन्ही एकटीनं ऐकून घेतलंत. माझ्यापर्यंत काही येऊ दिलं नाहीत.

आणि मग तुम्ही ओट्याला डोकं टेकून रडलात. तुमचा आवाज मला आला नाही, नुसते खांदे हलताना दिसले. ह्यांच्यासाठी ह्या घरात बरीच माणसं रडून गेली. फोटो काढणारा समोर नसताना रडणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

तुम्ही गेल्यानंतर मला जे कळलं ते सांगते. चौकात निशाणवाले पोचलेच नव्हते. घोषणा देत होते ते गावातलेच काही जण. भांडण आधी स्टेजवर झालं, कमिटीच्या दोन तटांत, पाटीच्या भाषेवरून. मंत्री वाटेतूनच परत गेले. दगड कुणी मारला ते कळलं नाही, तो नागेंद्रच्या भुवईवर लागला. टाके पडले. जखम बरी आहे. संध्याकाळी तो डोक्याला पट्टी बांधून आला आणि त्यानं लिहिलं, 'आत्यानंच माणसं आणली.' मी म्हटलं, "आत्या माझ्या स्वयंपाकघरात होत्या." त्यानं पुन्हा लिहिलं, 'म्हणजे तू त्यांना घरात घेतलंस!' तेव्हापासून तो इकडं फिरकलेला नाही.

युवराजला त्याच दिवशी सोडलं ना? हाताला काही झालं नाही ना? एवढं तरी लगेच कळवा.

बायाक्का


सांबरा,
२० मार्च २०२५

बायाक्का,

युवराजला संध्याकाळी सोडलं. हात हाय तसाच हाय. नागेंद्रच्या भुवईवर एरंडाचं तेल लाव म्हणावं, वण ऱ्हात न्हाय. मी सांगितलं म्हणून सांगू नको.

युवराज माझ्याशी बोलत न्हाय. पोलिसांची गाडी गावातनं जाताना त्येनं मला तुझ्या बोळात वळताना बघितलं. घरात आल्यावर एकच बोलला, "साऱ्या गावानं बघितलं, आई." सून ताट वाढून ठेवती. ती चांगली हाय, पर नवऱ्याम्होरं तीबी गप्प.

परवा गल्लीतल्या भावकूच्या घरी बारसं होतं. बायकांच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूची पानं रिकामी ऱ्हायली. कुणी काय बोललं न्हाय, कुणी उठ म्हटलं न्हाय. मी आपली जेवलो. पानात काय टाकलं न्हाय. अंबुबाई तेवढी हात धुताना जवळ आली, आणि इकडं तिकडं बघून म्हणाली, "आक्का, बरं केलंस गं." ते ऐकून मला जास्तच कसं तरी झालं. बरं केलं, तर मग मोठ्यानं म्हण की.

इतकी वरसं मी सुब्यावर राग धरला तवा सारं गाव माझ्यासंगं होतं. एक दुपार रडलो तर एकटी पडलो.

फोटो मी तुला देणार न्हाय. रागानं न्हवं. त्येचं माझ्यापाशी तेवढंच हाय.

तुझ्याकडं यावंसं वाटतंय. पर आलो तर युवराज परत घरात घील का, ते म्हाईत न्हाय. आणि तू हिकडं आलीस तर तुला कोण काय बोलंल, ते मला ऐकावं लागंल. तुला न्हाय. म्हणून लिवत जा.

आक्काताई


निपाणी,
११ जून २०२५

ती. वन्सं,

मधली तुमची दोन्ही पत्रं मिळाली. युवराजनं तुम्हांला दवाखान्यात नेलं, हे वाचून बरं वाटलं. बोलला नाही तरी नेलं, हे काय थोडं आहे? नागेंद्र अजून येत नाही. मालुबाईकडं डबा आणि औषधं पाठवतो.

पुतळ्याचं विचारलं होतंत. कोर्टाची स्थगिती आहे. पाडायचाही नाही आणि उघडायचाही नाही. त्या दिवशी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेला होता, तसाच अजून चौकात उभा आहे. दोरी बांधलीय कमरेशी. वर्गणी काढणारे आता तिकडं बघत नाहीत, आणि विरोध करणारेही. मी इतके दिवस त्या बाजूला गेलेच नव्हते. काल बँकेतून येताना रिक्षा सोडली आणि चालत गेले.

दुपारची वेळ. कोल्हापूरच्या बसला थांबलेली माणसं पुतळ्याच्या सावलीत उभी होती. मीही त्यांच्यात जाऊन उभी राहिले. वारा आला की ताडपत्री फुगायची आणि पुन्हा अंगाला चिकटायची. खांदा कुठं, हात कुठं, ते कळत होतं. तोंड मात्र ओळखू येत नव्हतं. मूर्तिकारानं शेवटी कुठल्या वयाचे केले असतील, कुणास ठाऊक.

शेजारी कॉलेजची एक मुलगी उभी होती. गळ्यातल्या कार्डावर 'ऋतिका' असं नाव. तिनं माझ्याकडं वळून काहीतरी विचारलं. मी कानाकडं बोट दाखवलं. तशी ती हसली, पुतळ्याकडं हात केला आणि सावकाश ओठ हलवून म्हणाली, "आजी, हे आत कोण आहे?"

वन्सं, टीव्हीवाल्याला देता आलं नाही ते उत्तर ह्या पोरीलाही मला देता येणार नाही, असंच वाटलं. ती वाट बघत उभी होती. तिची बस वळून येताना दिसत होती.

"माझ्या नणंदेचा भाऊ," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली, जशी कुणाच्याही भावाचं कळल्यावर डोलावतात, आणि पळत जाऊन बसमध्ये चढली.

तुमची,
बायाक्का